कागद धरणारा हात

“‘सदर कर्मचाऱ्याने यंत्र चालू स्थितीत असता निष्काळजीपणाने आपला उजवा हात पात्यांमध्ये घातला. अपघातसमयी त्याच्याजवळ अन्य कोणीही उपस्थित नव्हते.’” प्राचार्य सबनीसांनी कलम चार मोठ्याने वाचले, चष्मा कपाळावर चढवला आणि अहवाल माझ्याकडे सरकवला. “हळबे, तुमची सही इथं. सदस्य-सचिव म्हणून.”

१९७८ सालचा जानेवारी होता. आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावरचा माळी केरबा मुळीक याची उजव्या हाताची दोन बोटे आठ दिवसांपूर्वी गवत कापण्याच्या यंत्रात गेली होती. त्याची चौकशी करायला संस्थेने दोघांची समिती नेमली. प्राचार्य अध्यक्ष, आणि मी, कारण माझे अक्षर चांगले होते आणि माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. चौकशीला अद्याप सुरुवात व्हायची होती. अहवाल मात्र टंकलिखित होऊन आला होता.

मी संस्कृतचा अध्यापक. पोथीतला कोणता शब्द मुळातला आणि कोणता मागाहून कोणी घुसडलेला, हे ओळखण्याचे शिक्षण मी सहा वर्षे घेतले होते. त्या शिक्षणाला इतके सोपे गिऱ्हाईक पूर्वी कधी मिळाले नव्हते. त्या यंत्राला मोटारच नव्हती. कुठल्याशा संस्थानिकाच्या टेनिसच्या मैदानावरून ते लिलावात आले होते. दोन माणसांनी दांडा धरून ढकलले की चालायचे, नाहीतर उभे राहायचे. ‘चालू स्थिती’ नावाची त्याची अवस्थाच नव्हती. त्यातून त्या सकाळी ते दुरुस्तीसाठी लाकडी घोडीवर चढवलेले होते आणि त्याची चाके जमिनीला टेकतही नव्हती. राहिला निष्काळजीपणा. तो कोणीतरी पाहावा लागतो. जवळ कोणीही उपस्थित नव्हते असे ज्याने लिहिले, त्यानेच तो पाहिला होता.

हे सगळे मला तिथल्या तिथे सुचले. तरी मी पेनाचे टोपण काढले. चार गावांत हंगामी नोकऱ्या करून मी इथे आलो होतो आणि मार्चमध्ये मला कायम करायचे की नाही ते ठरणार होते.

“सर,” मी म्हणालो, “एकदा शुद्धलेखन तपासून घेतो. ‘निष्काळजीपणाने’ यातला ‘नि’...”

“शुद्धलेखन.” सबनीसांनी सुस्कारा टाकला. “तुम्हा भाषावाल्यांचं काही खरं नाही. घेऊन जा. पण उद्या अकराला बैठक आहे. रावसाहेब स्वतः येणार आहेत. तेव्हा सही झालेली हवी.”

“केरबाचा जबाब?”

“दिलाय त्यानं. मागे जोडलाय, बघा.”

शेवटच्या पानावर दोन ओळी होत्या, ‘चूक माझी आहे, कोणाविषयी तक्रार नाही’, आणि खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. केरबा चौथी शिकलेला होता. पगारपत्रकावर तो सही करत असे. ज्या हाताने करत असे, तो हात आता बँडेजमध्ये होता.

“आणि त्याचं पुढं काय?” मी विचारले.

“चूक कबूल आहे म्हटल्यावर काय व्हायचं? कामावरून कमी. खोली महिन्याअखेर मोकळी करून द्यायची. हळबे, मी काही वाईट माणूस नाही. पण संस्था मोठी की माळी?”

या प्रश्नाचे उत्तर त्यांना नको होते. मी अहवाल घडी करून खिशात घातला.

*

केरबाची आणि माझी ओळख त्याआधीच्या पावसाळ्यानंतरची. मी रोज सकाळी मैदानाला पाच फेऱ्या मारत असे. तो पॅव्हेलियनमागच्या पत्र्याच्या शेडपाशी यंत्र मांडून बसलेला असे. एकदा मी सहज म्हणालो, आज गवत फिकट दिसते. तो उठला, हिरवळीतून एक काडी खुडून आणली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

“शेंडा बगा, सर.”

शेंडा पांढरा होता आणि दोऱ्यासारखा विसकटलेला.

“ह्ये फाडल्यालं गवत. कापल्यालं असतं तर शेंडा सरळ ऱ्हातो, हिरवा ऱ्हातो. फाडलं की दोन दिसांत पांढरं पडतं. लोक म्हनत्यात पानी कमी पडलं. पानी न्हाई कमी पडलं, मशीन ढिलं झालंय.”

मग त्याने मला यंत्र दाखवले. वर पिळदार पात्यांचा एक पिंजरा, दोन फूट लांबीचा. खाली एक आडवे, स्थिर पाते. पिंजरा फिरतो, गवताला त्या खालच्या पात्यावर नेतो, आणि दोहोंच्या मध्ये कात्रीसारखा काप होतो. दोन्ही पाती एकमेकांना घासली तर तापतात आणि बोथट होतात. लांब राहिली तर गवत मध्ये दुमडून फाटते. अंतर किती, तर कागदाच्या जाडीहून कमी. ते जुळवायला दोन्ही टोकांना एकेक स्क्रू होता. केरबा पाव आटा डावीकडे पिळे, पाव आटा उजवीकडे, आणि मग खिशातून वर्तमानपत्राची पट्टी काढे. डाव्या हाताने पट्टी पात्यांमध्ये धरायची, उजव्या हाताने पिंजरा सावकाश फिरवायचा. पट्टी डाव्या टोकाला कापली जाते का, मध्ये जाते का, उजव्या टोकाला जाते का. एका जागी जरी दुमडली, तरी पुन्हा पाव आटा.

“जाड कागद का नाही घेत?” मी विचारले.

“जाड कागद कसंबी कापतो. त्येला फसवता येतं. गवत पातळ असतंय, त्येला न्हाई फसवता येत.”

माझ्या विषयातल्या कित्येक विद्वानांना हा फरक निवृत्तीपर्यंत कळत नाही. मी प्रभावित झालो आणि पिंजऱ्याला हात लावायला पुढे सरसावलो. त्याने माझे मनगट धरले. माळ्याने अध्यापकाचे मनगट धरावे असे ते गाव नव्हते, पण त्याने धरले, आणि चांगले घट्ट.

“ह्यात एक नेम हाय, सर. कागद धरनारा हात आन फिरवनारा हात, दोनी एकाच मानसाचं पायजेत. माज्या बापानं शिकिवलंय. एकाच मानसाचं असलं की एक हात दुसऱ्याला ओळखतो. दोन मानसं आली की बोट जातं. पाती समदी एका कन्यावर, ह्या मदल्या दांड्यावर हायती. हितं एक हललं की तिकडचं बी हलतं. आन पिंजरा जड हाय, एकदा हिसका बसला की तुमी सोडला तरी दोन येढं आपल्या आपन घेतो.”

मी हात मागे घेतला. त्या दिवसापासून मला त्या यंत्राची भीती बसली. रस्त्यावरच्या शांत कुत्र्याची वाटावी तशी. काही करत नाही, हे माहीत असूनही मी लांबून जात असे.

अपघाताच्या सकाळीही मी फिरायला गेलो होतो आणि नेहमीपेक्षा लवकर घरी परतलो होतो. सध्या एवढेच.

*

अहवाल खिशात घेऊन मी दुपारी केरबाच्या खोलीवर गेलो. खोली पॅव्हेलियनला टेकून होती. एक दार, एक खिडकी, आणि दारात त्याच हिरवळीचा हातभर तुकडा, मैदानाइतकाच नेटका. केरबा भिंतीला टेकून बसला होता, हात उशीवर. त्याची बायको तानूबाई चुलीपाशी होती.

“बसा, सर,” तो म्हणाला. “सही झाली का?”

“तुला कसं कळलं?”

“कळतंय. करून टाका. रावसाब म्हनलं, जबाब दे, म्हंजी खोली ऱ्हाईल.”

“अहवालात खोली महिन्याअखेर सोडायची आहे, केरबा.”

तानूबाईच्या हातातले उलथणे थांबले. केरबाने बायकोकडे पाहिले नाही.

“आसं व्हय,” तो म्हणाला, एवढेच.

“रावसाहेब कधी म्हणाले हे?”

“दवाखान्यात. सोता आलं व्हतं. मोसंबी घेऊन.”

रावसाहेब पाटणकर हे संस्थेचे कार्यवाह. पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी तीन कालवे बांधले होते आणि त्यांतल्या पाण्यावरही आपलाच हक्क आहे असे ते बोलत. सव्वीस तारखेला कुलगुरू सामने पाहायला येणार होते. हिरवळ त्याआधी बिलियर्डच्या टेबलासारखी दिसली पाहिजे, असे त्यांनी फर्मावले होते. हे सगळ्या गावाला माहीत होते.

“त्या दिवशी काय झालं?” मी विचारले. “तू डाव्या हातानं कागद धरतोस. उजव्यानं फिरवतोस. मग उजवा हात आत कसा गेला?”

बाहेर मैदानावर कोणीतरी चेंडू मारला, त्याचा आवाज आला.

“सर चांगलं हायती,” तानूबाई चुलीकडे तोंड करूनच म्हणाली. “सकाळच्याला फिराया येत्यात. समदं बगत्यात. आन घरला जात्यात.”

“तानू,” केरबा म्हणाला.

“काय खोटं बोलले का मी? तुमीच म्हनला न्हवं?”

केरबा माझ्याकडे पाहत होता. त्या नजरेत राग असता तर मला बरे वाटले असते.

“तुमी पिपळाखाली व्हता, सर,” तो म्हणाला. “मी बगितलं तुमास्नी. हात जायाच्या आदी.”

होतो. पिंपळ शेडपासून साठ-सत्तर पावलांवर आहे. सकाळचे सात वाजले होते, धुके विरत होते. शेडच्या दारात रावसाहेबांची करडी गाडी उभी होती. यंत्रापाशी दोन माणसे वाकलेली दिसत होती. एक बसलेला, एक उभा. मग मी केरबाला काहीतरी बोलताना ऐकले, मग पुन्हा तेच, जरा मोठ्याने, आणि मग शब्द नसलेला एक आवाज. मी पुढे धावलो नाही. उभ्या माणसाने मान वर केली, आणि त्याला मी दिसेन या भीतीने मी पिंपळाच्या बुंध्यामागे सरलो. तिथून कुंपणाच्या फटीतून बाहेर पडलो. घरी जाऊन चहा केला आणि प्यालो. अन्य कोणीही उपस्थित नव्हते. कलम चारमधले ते एकच वाक्य लिहिणाऱ्याच्या माहितीप्रमाणे जवळजवळ खरे होते, आणि ते मी खरे केले होते.

“मी...” मी म्हणालो.

“ऱ्हाऊ द्या. तुमची नोकरी हाय. मी बी जबाब दिलाच की.” त्याने उशीवरचा हात जरा हलवला आणि डोळे मिटले. “मशीन तसंच हाय. कुनी हलवलं न्हाई. कागद बी तितंच आडकलेला आसंल. तेवढा काढून टाका, सर. गंज धरंल पात्याला.”

*

शेडला कुलूप नव्हते. यंत्र घोडीवर होते, चाके अधांतरी. खालच्या मातीवर कोणीतरी राख पसरली होती. पिंजऱ्याच्या उजव्या टोकाला कागदाचा एक तुकडा दोन पात्यांमध्ये चिमटलेला दिसत होता.

मी गुडघ्यावर बसलो. कागद ओढून निघेना. तो काढायला बोटे पात्यांच्या आत न्यावी लागणार होती आणि पिंजरा किंचित मागे फिरवावा लागणार होता. केरबाचा नेम मी मनात म्हटला. डावा हात कागदावर, उजवा हात पात्यावर, दोन्ही माझेच. लोखंड गार होते. माझी बोटे आत गेली. आतल्या बाजूने पात्याची धार नखाला लागली. ती धार इतकी सरळ, इतकी चोख लावलेली होती की केरबाच्या कारागिरीचे कौतुक आणि मळमळ दोन्ही मला एकदमच आले.

“संस्कृतवाल्यांचं इथं काय काम?”

दारात रावसाहेब उभे होते. पांढरा कोट, हातात वेताची काठी. उजेड त्यांच्या मागे असल्यामुळे चेहरा दिसत नव्हता.

“अहवाल... तपासतोय, रावसाहेब.”

“अहवाल कागदावर असतो. तुम्ही तर यंत्रात हात घालून बसला आहात.”

ते आत आले. माझी तीन बोटे पात्यांमध्ये होती. ती काढायला हिसका द्यायची माझी हिंमत होईना. रावसाहेबांनी काठीचे टोक यंत्राच्या चाकावर टेकवले. चाक अधांतरी होते. ते जरासे वळले. दातांच्या चाकांतून एक बारीक ‘कट्’ असा आवाज आला आणि माझ्या बोटांवरचे पाते केसभर खाली उतरले.

माझ्या कानशिलातून घाम निघाला आणि मानेवरून कॉलरमध्ये गेला. तो कुठे कुठे पोचला ते मला अजून सांगता येईल.

“मार्चमध्ये कायम व्हायचंय ना, हळबे?”

“हो.”

“घरी कोण कोण असतं?”

“आई.”

“मग बोटं सांभाळा,” रावसाहेब म्हणाले. आवाज वडीलधाऱ्या माणसाचा होता, मायेचा म्हणावा असा. “लिहिणाऱ्याची बोटं आहेत. उद्या अकराला भेटू.”

काठी चाकावरून उचलली गेली. ते गेले. मग पाते मागे फिरवून बोटे काढली. त्यांच्याबरोबर कागदही आला. वर्तमानपत्र नव्हते ते. जाड, गुळगुळीत, पांढरा बाँड कागद होता. केरबाच्या खिशात असला कागद जन्मात आला नसता. एका कडेला स्वच्छ काप होता आणि मधोमध, बोटे जिथे येतात तिथे, सुकून तपकिरी झालेला डाग.

*

दुसऱ्या दिवशी अकराला प्राचार्यांच्या खोलीत चहा आला. रावसाहेब खिडकीपाशी बसले होते. केरबा दाराशी उभा होता, कोणी त्याला बसा म्हटले नव्हते. माझ्या हातात अहवाल होता.

“झालं शुद्धलेखन?” सबनीसांनी विचारले.

“एक शंका आहे, सर. कलम चारमध्ये. ती यंत्रापाशी गेल्याशिवाय फिटणार नाही.”

“हळबे...” सबनीस म्हणाले. त्यांच्या आवाजात विनंती होती.

मला वाटते रावसाहेबांनी तेव्हा नको म्हटले असते तर मी तिथेच सही केली असती. पण ते हसले. “चला की. मी सेहेचाळीस वर्षं यंत्रं पाहतोय. संस्कृतच्या माणसाला यांत्रिकी शिकवायची संधी रोज थोडीच येते.”

आम्ही चौघे शेडमध्ये गेलो. मी यंत्रापुढे गुडघे टेकले. मी कमीत कमी बोललो.

“केरबा अशी चाचणी करतो,” मी म्हणालो. खिशातून वर्तमानपत्राची पट्टी काढली, डाव्या हाताने धरली, उजव्याने पिंजरा सावकाश वळवला. पट्टी मधेच दुमडली.

“ढिलं हाय,” केरबा मागून पुटपुटला. त्याला राहवले नाही.

“अहवाल म्हणतो उजवा हात आत गेला. म्हणजे कागद उजव्या हातात हवा.” मी हात बदलले. डावा हात पिंजऱ्यावर ठेवून जोर केला. हात आडवा नेऊन ढकलला तरी तो जड पिंजरा बोटभरच हलला आणि थांबला. “मला एकट्याला जमत नाही. बोट कापण्याइतका जोर तर नाहीच येत. फिरवायला दुसरा माणूस लागतो. रावसाहेब, आपण फिरवाल?”

“कशाला पण?” सबनीस म्हणाले. “समजलं की.”

“नाही समजलं, सर. मी अजून अहवाल तपासतोय.” मी आतल्या खिशातून दुसरा कागद काढला. जाड, पांढरा, डाग पडलेला. तो उजव्या हाताने पात्यांमध्ये सरकवला आणि बोटे बरोबर डागावर ठेवली.

रावसाहेबांनी तो ओळखला. ओळखला हे मला कळले, कारण त्यांनी तो कुठून आला असे विचारले नाही.

“बोटं मागे घ्या,” ते म्हणाले.

“डाग जिथं आहे तिथंच धरली आहेत. आपण फिरवा. मी थांबा म्हटलं की थांबवा.”

“थांबवता येत नाही ते. वजन असतं त्याला. एकदा दिलं की...”

ते थांबले. सबनीसांनी त्यांच्याकडे पाहिले. बाहेर कावळा पत्र्यावर चालत होता. त्याची नखे ऐकू येत होती.

“आपण हे यंत्र कधी फिरवलंय का, रावसाहेब?” सबनीसांनी विचारले. आयुष्यात त्यांनी रावसाहेबांना विचारलेला हा बहुधा पहिला प्रश्न.

“मूर्खपणा आहे हा,” रावसाहेब म्हणाले. काठी भिंतीला टेकवून ते यंत्रापाशी आले आणि त्यांनी पिंजऱ्याच्या पात्याला हात घातला. कदाचित ते मला घाबरवणार होते. कदाचित खरेच फिरवणार होते, या गोष्टीचा निकाल त्यांच्याच पद्धतीने लावायला. मला त्यांच्या मनगटावरचे पांढरे केस दिसत होते आणि घड्याळाचा सेकंदाचा काटा. बोटे काढून घ्यावीत, असे माझे सगळे शरीर मला सांगत होते. मी ती काढली नाहीत. यात शौर्य नव्हते. पिंपळामागून जे दिसले ते चार माणसांसमोर उभे राहून सांगण्याची छाती मला नव्हती, आणि बोटे ठेवून बसायला बोलावे लागत नव्हते. पाते हलले. नखावर थंड रेघ उमटली.

“थांबा,” केरबा म्हणाला. “हात आत हाय.”

तो ओरडला नाही. अगदी साध्या आवाजात बोलला, जसे त्या सकाळी बोलला असेल. रावसाहेबांचा हात पात्यावरून असा उडाला, जणू लोखंड तापले होते. ते दोन पावले मागे गेले, त्यांना मागच्या रिकाम्या घोडीची लाकडी कड लागली आणि ते तिच्यावर बसले. त्यांचा कोट तेलाने माखला. त्यांच्या ध्यानात आले नाही.

मी हात बाहेर काढला. तर्जनीवर रक्ताची एक बारीक ओळ होती, वर्तमानपत्राच्या पट्टीवर पडावी तशी सरळ.

“हेच,” रावसाहेब म्हणाले. कोणाला उद्देशून ते कळेना. “हेच म्हणाला होता.”

“काय म्हणाला होता?” सबनीसांनी विचारले. त्यांनी माझ्या गुडघ्यापाशी ठेवलेला अहवाल उचलला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतः पेन टेकवले. ‘काय?’ असे त्यांनी पुन्हा विचारले, आणि या वेळी तो प्रश्न होता.

केरबा कामावर राहिला. यंत्र तो डाव्या हाताने लावू लागला, आणि चार महिन्यांनी हिरवळीचे शेंडे पुन्हा सरळ कापलेले दिसले. रावसाहेबांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला. संस्थेने त्यांचा सत्कार केला. मला कायम करणे एक वर्ष पुढे ढकलले, आणि तेही योग्यच होते, कारण त्याच पानावर खाली, माझ्या सुवाच्य अक्षरात, मी पिंपळाखाली कोणत्या वेळी होतो, काय पाहिले आणि कोणत्या फटीतून घरी गेलो, हे लिहिलेले आहे. ते लिहायला मला रक्ताळलेल्या बोटाची गरज लागली, याची नोंद मात्र नाही.

त्या पानाची प्रत माझ्याकडे आहे. माझ्या मजकुराच्या वर, प्राचार्य सबनीसांच्या घाईच्या हस्ताक्षरात, रावसाहेब पाटणकरांचे बोलणे शब्दशः उतरवलेले आहे:

“मीच फिरवलं. तो थांबा म्हणाला, ते मला नीट ऐकू आलं होतं. माळ्यानं मला थांब म्हणावं याचा राग आला, म्हणून मी आणखी एकदा फिरवलं.”